वेशीबाहेरचे दगड

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली कीं शहरांतील सुशिक्षित घरांत प्रवासाचे बेत रंगूं लागतात. कोणी अजिंठा-वेरूळ ठरवितें, कोणी हंपी, तर कोणी थेट हिमालयाची वाट धरतें. हे बेत उत्तमच आहेत. पण त्याच घरांतील मंडळींना घरापासून कोस-दीड कोसावर, मारुतीच्या देवळामागें पिंपळाच्या पाराला टेकून ठेवलेल्या शेंदरी दगडाविषयीं विचारलें, तर बहुधा एकच उत्तर येतें: 'असेल कुठला तरी देव.' त्या दगडाजवळून रोज शेंकडों माणसें जातात. कोणी सवयीनें हात जोडतो, कोणी त्यावर सायकल टेकवितो. कित्येक शतकांपूर्वीं त्याच गांवांत मेलेल्या एका माणसाची हकीकत सांगत तो दगड उभा आहे, हें मात्र त्यांतील फार थोड्यांच्या ध्यानांत येतें.

महाराष्ट्रांतील पुष्कळ जुन्या गांवांत असे दगड आहेत. शहरें वाढत गेलीं आणि ज्या गांवांना त्यांनीं पोटांत घेतलें, त्या गांवांच्या देवळांभोंवतीं, तळ्यांच्या कांठीं आणि वेशींच्या जागीं ते आजहि सांपडतात. त्यांचे मुख्य प्रकार तीन: वीरगळ, सतीशिळा आणि गधेगाळ. त्यांची खूण एकदां पटली कीं ते वाचावयास फारशा विद्वत्तेची गरज लागत नाहीं. खरें पाहतां ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा गांवकऱ्यांसाठींच ते कोरलेले होते. आज अक्षरें येणाऱ्यांनाच ते वाचतां येऊं नयेत, ही मोठी विचित्र गोष्ट आहे.

प्रथम वीरगळ. ह्या शब्दाचा उत्तरार्ध कानडींतील 'कल्लु' म्हणजे दगड ह्या शब्दाशीं नातें सांगतो; वीरगळ म्हणजे वीराचा दगड. उभ्या शिळेवर एकावर एक अशा तीन किंवा चार चौकटी कोरलेल्या असतात. पुस्तकाचें पान वरून खालीं वाचतात. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. अगदीं खालच्या चौकटींत वीर आडवा पडलेला दिसतो. तो मेलेला आहे. त्याच्या वरच्या चौकटींत त्याची शेवटची लढाई असते. हातांत ढाल-तलवार किंवा धनुष्यबाण, समोर एक-दोन शत्रु, कधीं घोडेस्वार. तिसऱ्या चौकटींत अप्सरा त्या वीरास दोन्ही बाजूंनीं धरून वर नेत असतात. सर्वांत वरच्या चौकटींत तो शिवलिंगापुढें हात जोडून बसलेला असतो, आणि पुष्कळदां पलीकडे पूजा करणारा पुरोहितहि दाखविलेला असतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. त्या चंद्र-सूर्यांचा अर्थ असा कीं, ते आकाशांत आहेत तोंवर ह्या माणसाची आठवण राहो.

पुष्कळ वीरगळांच्या खालच्या चौकटींत एक गोष्ट चटकन् डोळ्यांत भरते. मेलेल्या वीराच्या शेजारीं गाई कोरलेल्या असतात. त्या काळीं गुरें हीच गांवची दौलत होती. शेती गुरांवर, दूधदुभतें गुरांवर, आणि ओझीं वाहणेंहि गुरांवरच. त्यामुळें गांवावर धाड येई ती बहुधा गुरांसाठीं. गुरें हांकून नेणाऱ्यांच्या मागें जो धांवला आणि परत आला नाहीं, त्याचा हा दगड आहे. म्हणजे वीरगळावरचा प्रत्येक पुरुष राजाचा सेनापति नव्हता. त्यांत गुराखी होते, गांवचे राखणदार होते आणि साधे शेतकरीहि होते. कर्नाटकांतील पुष्कळ वीरगळांवर वीराचें नांव, राजाचें नांव आणि शक लिहिलेला आढळतो. महाराष्ट्रांतील बहुसंख्य वीरगळ मात्र लेखाविना आहेत. नांव गेलें, कुळ गेलें, गांवचें जुनें नांवहि कधीं कधीं गेलें. फक्त तो माणूस कशासाठीं मेला एवढेंच उरलें.

गुराखी, धनगर आणि त्यांचे देव ह्यांचा ज्यांनीं जन्मभर अभ्यास केला, ते जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर ह्यांनीं कन्नड विद्वान् एस. शेट्टर ह्यांच्यासह १९८२ सालीं स्मारकशिळांवर एक मोठा ग्रंथ संपादिला. पण ह्या दगडांचें महत्त्व पटण्यास ग्रंथच हातीं असावा लागतो असें नाहीं. मुंबईकरांस त्यासाठीं शहराबाहेरहि जावें लागत नाहीं. बोरिवलीस एकसर नांवाचें जुनें गांव आहे. २०२२ सालापासून मेट्रो रेल्वेच्या एका स्थानकास तें नांव मिळालें आहे आणि हजारों प्रवासी तें रोज ऐकतात. ह्याच एकसरांत सहा वीरगळांचा एक समूह आहे. त्यांतील कांहीं शिळा माणसाहून कितीतरी उंच आहेत. एकोणिसाव्या शतकांत ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर तयार झालें तेव्हां त्यांचें तपशीलवार वर्णन त्यांत छापलें गेलें.

एकसरच्या शिळांचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांतील कांहींवर जमिनीवरची लढाई आहे, तर कांहींवर समुद्रावरची. उंच नाळेचीं, डोलकाठ्यांचीं गलबतें ओळीनें चाललीं आहेत. दोन्ही बाजूंनीं वल्हीं पडत आहेत. वर योद्धे उभे आहेत. शिल्पकारानें समुद्र स्वतः पाहिलेला होता ह्यांत संशय राहत नाहीं. ही लढाई कोणती? शके ११८७ च्या सुमारास, म्हणजे इ.स. १२६५ च्या आसपास, देवगिरीचा यादव राजा महादेव ह्यानें उत्तर कोंकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर ह्याचा पराभव केला, आणि सोमेश्वर समुद्रांत बुडून मेला असें यादवांचा मंत्री हेमाद्रि ह्याच्या ग्रंथांतील प्रशस्तींत सूचित केलें आहे. एकसरच्या शिळा त्याच युद्धाच्या असाव्या असें कांहीं अभ्यासक म्हणतात. इतर कांहींना त्या त्याहून जुन्या वाटतात. गोव्यांतहि कदंबांच्या काळांतले नाविक युद्धाचे वीरगळ सांपडले आहेत. वाद कसाहि मिटो. पश्चिम किनाऱ्यावर आरमारी लढाया होत होत्या आणि त्यांत मेलेल्यांची आठवण गांवांनीं दगडांत जपली, एवढें तर ह्या शिळा निर्विवाद सांगतात.

दुसरा प्रकार सतीशिळेचा. हिची खूण अगदीं सोपी आहे. शिळेवर कोपरांत वांकवून वर उचललेला स्त्रीचा हात कोरलेला असतो. पंजा उघडा असतो आणि मनगटावर बांगड्या ठसठशीत दाखविलेल्या असतात. बांगड्या कां? कारण विधवेच्या हातीं बांगड्या राहत नसत. सहगमन करणारी स्त्री सौभाग्यवतीच गेली, असें त्या बांगड्या सांगतात. पुष्कळदां वीरगळ आणि सतीशिळा शेजारीं शेजारींच उभ्या असतात, आणि मग लढाईची गोष्ट तेथें पुरी होते: आधीं तो गेला, मग ती.

ह्या शिळेपुढें नुसतें कुतूहल पुरत नाहीं. १८२९ सालीं लॉर्ड बेंटिंक ह्यानें बंगालमध्यें सतीची चाल कायद्यानें बंद केली आणि लवकरच मुंबई इलाख्यांतहि ती बंदी आली. तोंपर्यंत किती स्त्रिया स्वेच्छेनें गेल्या आणि किती ढकलल्या गेल्या, हें त्या कोरलेल्या हातावरून कळत नाहीं. लोककथा तिला देवी करते. तिच्या कथेंत चितेवर चढतांनाहि ती शांत असते. तो दगड उभारणाऱ्यांना तेंच सांगावयाचें होतें. पाहणाऱ्यानें मात्र हें ध्यानांत ठेवावें कीं तिचें म्हणणें तेथें कोणीं लिहिलेलें नाहीं. त्या हाताकडे पाहून आदर वाटावा, पण गौरव वाटूं नये, इतका विवेक सुशिक्षितांकडून अपेक्षित आहे.

तिसरा प्रकार गधेगाळाचा, आणि तो दाखवितांना वडीलधारी मंडळी थोडी संकोचतात. ह्या शिळेच्या वरच्या भागीं चंद्र-सूर्य असतात, मध्यें बहुधा लेख असतो आणि खालीं गाढव व स्त्री ह्यांचें अश्लील चित्र असतें. हा कोणा विकृत कारागिराचा खेळ नव्हे. तो एक सरकारी दस्तऐवज आहे. राजानें किंवा अधिकाऱ्यानें एखाद्या देवळास, ब्राह्मणास किंवा गांवास जमीन दिली, कर माफ केला, कीं तें दान चंद्र-सूर्य असेतों चालावें म्हणून अशी शिळा उभारीत. दान मोडणाऱ्याच्या आईस लागावयाची शिवी खालीं चित्रानें कोरीत. लेख वाचतां येवो न येवो, चित्र सर्वांना कळे. त्या काळचें न्यायासन दूर होतें आणि शिवी मात्र वेशीवरच होती, असें म्हटलें तरी चालेल. ज्यानें दान मोडलें त्याचा अपराध, आणि शिवी त्याच्या आईस. ह्यांतहि त्या समाजाचें एक रूप दिसतें, आणि तें फारसें जुनें झालेलें नाहीं.

मराठी भाषेच्या इतिहासावर ह्या शिव्यांचे मोठे उपकार आहेत. दानाचा मुख्य मजकूर संस्कृतांत लिहिला, तरी शिवी लोकांना कळावी म्हणून लोकांच्या भाषेंत लिहावी लागे. परळ येथें सांपडलेल्या, शिलाहार राजा अपरादित्याच्या इ.स. ११८७ च्या संस्कृत लेखाच्या अखेरीस अशी मराठी शापवाणी आहे. अलिबागेजवळील आक्षी येथील शिळेवरचा मराठी लेख तर सर्वांत जुन्या मराठी लेखांत गणला जातो. त्याचा काल शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला गेला आहे. तो वाचनभेदामुळें सर्वांस मान्य नाहीं, आणि कांहीं अभ्यासक त्यास सुमारें दोनशें वर्षें अलीकडे आणतात. पण इतक्या जुन्या मराठीचा पुरावा एखाद्या ग्रंथालयांत न राहतां नारळी-पोफळींच्या गांवांत उभा राहावा, हेंच पाहण्यासारखें आहे.

आतां प्रश्न असा येतो कीं, दगडावर इतकें स्पष्ट लिहिलेलें असतांना गांव भलतीच गोष्ट कां सांगतें? वीरगळास कोठें वेताळ म्हणतात, कोठें म्हसोबा, कोठें नुसताच वीर. जुन्या देवळाविषयीं विचारलें तर 'पांडवांनीं एका रात्रींत बांधलें' हें ठरलेलें उत्तर मिळतें. अंबरनाथचें शिवमंदिर हें त्याचें ठळक उदाहरण. मुंबईहून लोकलनें तासा-दीड तासांत जेथें पोंचतां येतें, तें हें देऊळ शिलाहार राजा मुम्मुणि ह्याच्या काळांत उभें राहिलें. देवळांतील लेखांत शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हा काल कोरलेला आहे. लोककथा म्हणते कीं, पांडव एका रात्रींत देऊळ बांधीत होते, तेवढ्यांत उजाडलें आणि काम अर्धें राहिलें. शिकलेला मनुष्य ही कथा ऐकून हंसतो आणि तें देऊळ 'हेमाडपंती' असल्याचें सांगून मोकळा होतो. पण हेमाद्रि तेराव्या शतकांतला, आणि देऊळ त्याच्या दोनशें वर्षें आधींचें. म्हणजे खेडुताची पांडवांची कथा आणि सुशिक्षिताची हेमाडपंताची कथा ह्यांत फार अंतर नाहीं. ज्याचा कर्ता विसरला गेला, त्याला दोघांनींहि आपापल्या ओळखीचें एक मोठें नांव चिकटविलें.

तरीहि लोककथा निरुपयोगी असते असें नाहीं. ती तारीख चुकते, नांव चुकते. पण भाव सहसा चुकत नाहीं. वेताळ म्हणून ज्याची पूजा होते तो अकालीं मेलेला माणूस आहे, हें तिनें सोडलेलें नाहीं. तो गांवाची राखण करतो, रात्रीं शिंवेवरून फेरी घालतो, अशी जी समजूत अनेक गांवांत ऐकूं येते, तींतहि राखणदाराचें मूळ काम शिल्लक आहे. अपुरें राहिलेलें शिखर पाहून 'उजाडलें म्हणून राहिलें' असें म्हणणाऱ्यानें निदान शिखर अपुरें आहे हें नीट पाहिलेलें असतें. पुष्कळ शिकलेले प्रवासी तेंहि पाहत नाहींत.

ह्याहूनहि मोठी एक गोष्ट ह्या समजुतींनीं केली आहे. त्यांनीं दगड राखले. ज्या दगडास हात लावला तर गुरें मरतील, ज्याचा कोप झाला तर घरांत दुखणें येईल, अशी भीति होती, तो दगड कोणीं फोडला नाहीं. शेत नांगरतांना वाट वांकडी केली, विहीर खणतांना जागा बदलली, पण दगड हलविला नाहीं. शेंदराच्या जाड थरानें कोरीव काम झांकलें खरें. पण ऊन, पाऊस आणि पोरांच्या खोड्या ह्यांपासून त्याला आसराहि मिळाला. उलट, ती भीति जेथें ओसरली आणि तिच्या जागीं दुसरें कांहींच आलें नाहीं, तेथें वीरगळ धुणें धुण्याचा दगड झाला, पायरी झाला, गटारावरची फरशी झाला किंवा रस्त्याच्या खडींत गेला. हीच ह्या विषयांतील खरी काळजीची बाब आहे. शिक्षणानें भीति गेली हें चांगलेंच झालें. परंतु भीतीनें जें काम इतकीं शतकें केलें, तें आतां जाणिवेनें करावयास हवें, आणि जाणीव अजून वेशीपर्यंत पोंचलेली नाहीं.

खुद्द मुंबईंत ह्या दोन्ही बाजू एकाच ठिकाणीं दिसल्या. १९३१ सालीं परळ भागांत रस्त्याचें काम चालू असतां जमिनींतून एक प्रचंड शिळा वर आली. सुमारें अकरा फूट उंचीच्या त्या एकाच पाषाणांत शिवाच्या सात मूर्ति एकमेकींतून उमललेल्यासारख्या कोरलेल्या आहेत, आणि पायाशीं वाद्यें वाजविणारे गण आहेत. अभ्यासक ती पांचव्या-सहाव्या शतकांतली मानतात. मजुराची एक पहार चुकीची पडती तर ती कायमची गेली असती. पण लोकांना ती देव वाटली, आणि आजहि ती परळच्या बारादेवी मंदिरांत पूजेंत आहे. घारापुरीस बोटीनें जाणाऱ्या किती मुंबईकरांनीं परळची ही शिळा पाहिली असेल?

जवळचें पाहण्याची ही दृष्टि कशी असावी ह्याचा एक उत्तम धडा गोव्यांत जन्मलेले आणि पुण्यांत राहिलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनीं घालून दिला. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या त्यांनीं पायीं पालथ्या घातल्या. शेंदूर लावलेल्या अनगड देवतांचीं ठाणीं त्यांनीं पाहिलीं, तेथील गुराख्यांशीं आणि म्हाताऱ्या बायकांशीं ते बोलले, आणि त्याच जागीं सांपडणारीं अश्मयुगीन बारीक दगडी हत्यारें त्यांनीं गोळा केलीं. देवतांचीं कांहीं ठाणीं अतिप्राचीन वाटांच्या चवाठ्यांवर आहेत असें त्यांनीं दाखविलें. १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' ह्या ग्रंथांत हें सारें आलें आहे. त्यांचीं साधनें कोणतीं? मजबूत पाय, उघडे डोळे आणि दुसऱ्याचें ऐकून घेण्याची तयारी.

तीं साधनें कोणत्याहि कुटुंबास परवडण्यासारखीं आहेत. एखाद्या रविवारीं सकाळीं लवकर निघावें, कारण तिरप्या उन्हांत झिजलेलें कोरीव कामहि उठून दिसतें. भर दुपारीं तोच दगड सपाट वाटतो. चौकटी खालून वर मोजाव्या. गाई आहेत का, घोडा आहे का, नाव आहे का, हें पाहावें. लांबी-रुंदी मोजून घ्यावी, दगडाचें तोंड कोणत्या दिशेस आहे हें टिपावें, छायाचित्र घ्यावें. नंतर गांवांतील वयस्क माणसांस विचारावें आणि विशेषतः आजीबाईंस, कारण पुरुषांना पुढाऱ्यांच्या गोष्टी अधिक आठवतात आणि बायकांना देवांच्या. त्या जें सांगतील तें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें. मध्येंच 'तसें नव्हे, हा वीरगळ आहे' असें म्हणून त्यांस अडवूं नये. आपली माहिती मागाहून सांगावी. ती सांगितल्यावर पूजा मोडते असा अनुभव नाहीं. आपल्या वेताळाला लढाई होती, गाई होत्या, मान होता, हें ऐकून गांवास उलट अभिमानच वाटतो.

कांहीं पथ्यें मात्र पाळलींच पाहिजेत. शेंदूर खरवडूं नये, तारेच्या कुंच्यानें घासूं नये, तेल किंवा आम्ल लावूं नये. अक्षरें दिसावींत म्हणून खडूनें गिरवूं नयेत. दगड जागेवरून उचलूं नये. जागा हा त्याच्या हकीकतीचा अर्धा भाग आहे, आणि बंगल्याच्या बागेंत नेलेला वीरगळ अनाथ होतो. शंभर वर्षांहून जुन्या अशा शिल्पांस १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तूचें संरक्षण आहे, हेंहि माहीत असावें. नवा लेख आढळला, अथवा रस्त्याच्या किंवा इमारतीच्या कामांत दगड सांपडला, तर पुरातत्त्व खात्यास कळवावें. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशाच तुकड्या-तुकड्यांतून महाराष्ट्राचा इतिहास जुळवीत आलें आहे. त्यांतील कित्येक तुकडे पगारी विद्वानांनीं नव्हे, तर गांवोगांवच्या शाळामास्तरांनीं, वकिलांनीं आणि जिज्ञासु गृहस्थांनीं आणून दिलेले आहेत.

वीरगळ उभारणाऱ्या गांवानें आपल्या मृत माणसास एक वचन दिलें होतें आणि साक्षीस चंद्र-सूर्य ठेविले होते. चंद्र-सूर्य अजून आहेत. दगडहि पुष्कळ ठिकाणीं आहे. मधल्या काळांत फक्त वाचणारे कमी झाले. येत्या सुट्टींत लांबचा प्रवास ठरलेला असला तर तो अवश्य करावा. पण निघण्यापूर्वीं एक सकाळ काढून मुलांना मारुतीच्या देवळामागें न्यावें, पारावरचा तो शेंदरी दगड दाखवावा आणि खालच्या चौकटीकडे बोट करून सांगावें कीं, हा इथलाच होता, आणि गांवच्या गाई सोडविण्यास गेला होता.